मंडळीची परिचारिका व्हावे का?

मिनेसोटाहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे, ते थोडक्यात असे: “मी मूळची अहिल्यानगरची, तिथल्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेली. आता दक्षिण मिनेसोटात रुग्णालयात परिचारिका आहे आणि बहुतेक रात्रपाळी करते. जवळपास मराठी मंडळी नसल्याने आम्ही गावातल्या लूथरन मंडळीचे सभासद झालो. यंदा चर्च कौन्सिलने राखेच्या बुधवारपासून (म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून) पेंटेकॉस्टपर्यंत (ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारपर्यंत) ‘सर्वांगीण आरोग्याचा वसंत’ पाळायचे ठरवले असून त्याची सूत्रे मला देऊ केली आहेत. प्रस्तावात लेंटमधली (ईस्टरआधीच्या उपवासकाळातली) वजन घटवण्याची स्पर्धा, पावले मोजण्याची चुरस आणि दर रविवारी रक्तदाब तपासणी आहे. एका ज्येष्ठ सभासदांनी ‘चर्च म्हणजे व्यायामशाळा नव्हे’ असे भर सभेत सुनावले. दुसरीकडे, उपासनेनंतर कॉफीच्या रांगेत लोक पर्समधून गोळ्या काढून मला दाखवतात. पत्नी वारल्यापासून एकटे राहणारे एक शेतकरी ख्रिसमसनंतर चर्चला फिरकलेले नाहीत. त्यांची काळजी वाटते, पण इथे न विचारता कोणाच्या घरी जात नाहीत. माझी आई नगरला बहिणीकडे अंथरुणाला खिळून आहे. मी थकले आहे, तरी नाही म्हणवत नाही. जबाबदारी घेऊ का? शिवाय, ईस्टरनंतर वेदीजवळची लिलीची रोपे आजारी सभासदांच्या घरी पाठवतात, ते चालेल का?”

प्रिय ताई, सलाम.

काम स्वीकारा आणि कार्यक्रम नाकारा, असे माझे स्पष्ट मत आहे. कौन्सिलने तुमच्यापुढे ठेवलेली यादी जे मुळात धडधाकट आहेत त्यांच्यासाठी आहे. ज्यांची तुम्हाला काळजी वाटते त्यांच्यापैकी एकही माणूस पावले मोजण्याच्या चुरशीत नाव नोंदवणार नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची नोंद त्या विधुर शेतकऱ्यांची आहे, आणि ती प्रस्तावात कुठेही नाही.

आधी त्या ज्येष्ठ सभासदांचे पाहू, कारण त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. शरीराची काळजी हा चर्चचा विषयच नव्हे असे त्यांना म्हणायचे असेल, तर ज्यांच्या नावाने लूथरन परंपरा ओळखली जाते ते धर्मसुधारक मार्टिन लूथरच त्यांच्या विरोधात उभे आहेत. १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत, म्हणजे श्रद्धेची मूलतत्त्वे शिकवणाऱ्या आपल्या पुस्तिकेत, विश्वासांगीकाराच्या पहिल्या कलमाचा अर्थ सांगताना लूथर शरीर आणि आत्मा, डोळे, कान, सर्व अवयव, बुद्धी आणि इंद्रिये ही सगळी देवाची देणगी म्हणून एका दमात मोजतात. आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ या विनंतीत अन्नवस्त्राबरोबर घर, शेत, गुरेढोरे, पैसा, चांगले हवामान, आरोग्य, चांगले मित्र आणि विश्वासू शेजारीही धरतात. तुमच्या मंडळीतल्या बहुतेक वृद्धांनी हे दृढीकरणाच्या (किशोरवयातल्या धर्मशिक्षणाच्या) वर्गात तोंडपाठ केलेले असणार, तेव्हा त्यांच्याच पाठांतराची आठवण करून देण्यात उद्धटपणा नाही. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ येनाला हलले, तरी लूथर मागे राहिले. आणि त्याच सुमारास लिहिलेल्या पत्रात त्यांनी औषध घ्या, घराला धुरी द्या, जिथे तुमची गरज नाही तिथे जाऊ नका, पण शेजाऱ्याला गरज असेल तर टाळू नका, असा अगदी व्यवहारी सल्ला दिला. औषध नाकारून देवावर भार टाकणे त्यांना भक्ती वाटत नव्हती.

मात्र चर्च व्यायामशाळा होऊ नये, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे, आणि वजन घटवण्याची स्पर्धा तर लेंटमध्ये अजिबात नको. लूथरन मंडळीत चाळीस दिवसांचा उपवास हा पुण्य कमावण्याचा मार्ग नाही, हे १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या, म्हणजे लूथरन श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्याच्या, सव्विसाव्या कलमात मांडलेले आहे. शरीराला शिस्त लावायला तिथे हरकत नाही, पण त्या शिस्तीचा हिशेब देवापुढे किंवा शेजाऱ्यापुढे मांडायचा नाही. चर्चच्या दर्शनी दालनात कोणाचे किती पौंड उतरले याचा तक्ता लागला, की त्या कबुलीजबाबाने बाहेर काढलेला हिशेब मागच्या दाराने आत आलाच. शिवाय तो तक्ता मधुमेहावर इन्सुलिन घेणारा, कर्करोगाने आपोआप वजन उतरत असलेला आणि खाण्याच्या विकाराशी गुपचूप झगडणारी कॉलेजातली मुलगी, या तिघांनाही दुखावणार. परिचारिका म्हणून हा आक्षेप तुम्हीच घेऊ शकता, आणि तो घ्यावा.

आता कामाविषयी. तुम्हाला जे करायला सांगितले जात आहे त्याची वहिवाट जुनी आणि बरीच सुस्पष्ट आहे. ग्रँजर वेस्टबर्ग या लूथरन पाळकांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास, शिकागोजवळच्या पार्क रिज येथील लूथरन जनरल रुग्णालयाच्या साहाय्याने, सहा मंडळ्यांमध्ये परिचारिका नेमण्याचा प्रयोग सुरू केला. त्याआधी त्यांनी चर्चच्या इमारतीत डॉक्टर, परिचारिका आणि पाळक यांना एकत्र बसवून पाहिले होते, आणि डॉक्टरचे औषध व पाळकाची प्रार्थना यांच्यामध्ये जे निसटते ते परिचारिकेला दिसते, हे त्यांच्या लक्षात आले होते. अमेरिकेतील परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९७ मध्ये या कामाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. या भूमिकेतली परिचारिका शिकवते, ऐकून घेते, योग्य ठिकाणी पाठवते आणि स्वयंसेवकांची मोट बांधते. इंजेक्शन देणे, जखमेची पट्टी बदलणे, औषध सुचवणे हे ती सहसा करत नाही. कॉफीच्या रांगेत तुम्हाला मोफत दवाखाना समजले जात आहे, कारण ही सीमा मंडळीला कोणी सांगितलेलीच नाही. ती लेखी सांगितली गेली पाहिजे.

तेव्हा कौन्सिलला होकार कळवताना कामाचे वर्णन कागदावर मागा: महिन्यातले कोणते दोन रविवार तुमचे, तुम्ही कोणाला जबाबदार, प्रवासखर्च कोण देणार, आणि तुमच्या व्यावसायिक विम्यात व चर्चच्या विम्यात हे काम बसते की नाही. पैशांची आणि विम्याची भाषा चर्चमध्ये काढायला आपल्याकडच्या बायकांना संकोच वाटतो. पण त्या भागातली माणसे लेखी कामाला बिचकत नाहीत, उलट त्यांना तेच सोयीचे वाटते. सोबत चार-पाच जणांची आरोग्य समिती मागा आणि तीत किमान दोघे वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे असू द्या. एखादी निवृत्त शिक्षिका किंवा सहकारी धान्यकोठारात काम करणारा माणूस गावाची नाडी तुमच्यापेक्षा चांगली ओळखतो.

रक्तदाब तपासणी ठेवा, पण आज जशी सुचवली आहे तशी नको. उपासना संपल्यावर सभागृहात, कॉफीचा कप हातात धरून, उभ्याने गप्पा मारत मोजलेला रक्तदाब कोणत्याच कामाचा नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोजण्याआधी अर्धा तास कॉफी, सिगारेट आणि श्रम नकोत, पाच मिनिटे शांत बसायला हवे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायाची घडी नाही, दंड हृदयाच्या पातळीवर आणि पट्टा उघड्या दंडावर. म्हणून तपासणी उपासनेच्या आधी ठेवा, ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत, दार लोटून, सरळ पाठीच्या खुर्चीवर. पहिली पाच मिनिटे बोलायचे नाही आणि मोजतानाही बोलायचे नाही, असा नियम करा. लिहून देण्यासाठी छोटी कार्डे छापून घ्या, नोंदवही मात्र ठेवू नका, म्हणजे कोणाचे आकडे कोणाच्या हाती लागणार नाहीत. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तो तसाच राहिला आणि छातीत दुखणे, धाप, जीभ अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काही असेल तर ९११ हा आणीबाणीचा क्रमांक, काही नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. समितीतल्या प्रत्येकाला हे पाठ असले पाहिजे. पाच मिनिटे गप्प बसल्यावर पुष्कळ माणसे आपणहून बोलू लागतात, हा या व्यवस्थेचा आणखी एक फायदा.

पर्समधून गोळ्या काढणाऱ्यांना एकच उत्तर द्या आणि दर वेळी तेच द्या: घरातल्या सगळ्या बाटल्या, दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या जीवनसत्त्वांसकट, एका पिशवीत भरून औषधविक्रेत्याकडे न्या आणि एकत्र तपासून घ्या. वृद्ध माणसांच्या बाबतीत यातून खरोखरच बरेच निष्पन्न होते, आणि तुमची कॉफीही गरम राहते.

एक गोष्ट मात्र तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, तरी ती तुमच्याकडे येणारच. मंडळीच्या साप्ताहिक पत्रकात प्रार्थनेसाठी नावे छापली जातात, आणि प्रेमापोटी त्यांच्यापुढे आजारही छापले जातात. एखाद्या बाईने तुम्हाला गाठीची तपासणी झाल्याचे सांगितले आणि तिच्या मुलाला ते पत्रकातून कळले, तर त्या मंडळीत पुढे कोणी तुम्हाला काहीही सांगणार नाही. ज्याचे नाव त्याची परवानगी, आणि पाळकांना सांगायलाही परवानगी, हा नियम पहिल्याच रविवारी सर्वांसमोर जाहीर करा.

तुमच्या पाळकांकडे बहुधा ते सर्वांगीण आरोग्याचे चक्र असेल, जे १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या दोन मोठ्या लूथरन चर्च-संस्थांनी आपल्या सेवकांच्या आरोग्यासाठी वापरात आणले. मध्यभागी बाप्तिस्मा, भोवती शारीरिक, भावनिक, सामाजिक, बौद्धिक, आर्थिक आणि पाचारणाचे (देवाने सोपवलेल्या कामाचे) आरोग्य, आणि सगळ्यांना वेढणारे आध्यात्मिक आरोग्य. चित्र चांगले आहे. भिंतीवर टांगून ठेवले तर निरुपयोगी आहे. बहुतेक मंडळ्या त्यातला शारीरिक भाग उचलतात, कारण तो मोजता येतो आणि त्याविषयी बोलायला कोणी लाजत नाही. आर्थिक भागाविषयी वर्षातून एकदाच बोलले जाते, तेही वर्गणीच्या वचनपत्रांच्या वेळी. तुमच्या भागात वसंतात नेमके तिथेच दुखते. हिवाळा सरताना शेतकऱ्यांची पीककर्जे नूतनीकरणाला येतात, एप्रिलच्या अखेरीपासून मक्याची आणि पाठोपाठ सोयाबीनची पेरणी असते, जमीन ओली राहिली तर दिवस हातचे जातात, आणि ज्याला बँकेने या वर्षी थांबवले आहे तो शेजाऱ्याचा ट्रॅक्टर शेतात गेलेला खिडकीतून पाहत असतो. ‘कसं काय?’ विचारले तर नॉर्वे-स्वीडनहून आलेल्यांची ही पणतवंडे ‘तसं वाईट नाही’ एवढेच म्हणतील. म्हणून लेंटमधल्या बुधवारच्या सूप-भोजनाला एकदा शेतकर्जाच्या मध्यस्थीचे काम करणाऱ्या माणसाला बोलवा. मिनेसोटात विद्यापीठाच्या विस्तार विभागामार्फत तशी सोय आहे, आणि राज्याच्या कृषी खात्याची शेतकऱ्यांसाठी चोवीस तास चालणारी मदतवाहिनीही आहे. तिचा क्रमांक स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, जिथे तो लिहून घेताना कोणी पाहत नाही.

यातून आपण त्या विधुर शेतकऱ्यांकडे येतो. वसंत आला की उदास माणसे आपोआप सुधारतात, हा समज चुकीचा आहे. आत्महत्यांचे प्रमाण गडद हिवाळ्यात नव्हे तर वसंताच्या उत्तरार्धात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वाढते, असे अनेक देशांतल्या नोंदी पूर्वीपासून सांगत आल्या आहेत. म्हणून लेंट संपायची वाट पाहू नका. नगरला आपण कोणाच्याही दारात ‘आहात का घरी’ म्हणत शिरतो, तसे तिथे चालणार नाही. पण फोन करून ‘गुरुवारी दहाला येऊ का’ विचारलेले चालते, आणि पाळकांना किंवा त्यांच्या वयाच्या एखाद्या शेतकऱ्याला सोबत घेतले तर अधिक चांगले. ‘कसे आहात’ने सुरुवात करू नका, कारण त्याचे उत्तर तुम्हाला माहीत आहे. ईस्टर आणि स्वर्गारोहण (ख्रिस्त स्वर्गात गेल्याचा सण) यांच्यामधल्या एका रविवारी गावाकडच्या लूथरन मंडळ्यांत बी-बियाणे आणि माती वेदीपुढे आणून आशीर्वाद मागण्याची रीत अजून टिकून आहे. यंदाचे बियाणे त्यांनी आणावे अशी विनंती करा. पत्नी गेल्यावर त्यांच्याकडे मंडळीने डबे पाठवले असतील, सहानुभूतीची कार्डे पाठवली असतील, पण त्यांच्याकडून काही मागितले नसेल. बायकांना निदान तळघरातले गोधड्यांचे टेबल असते, जिथे साठ बाय ऐंशी इंचांच्या गोधड्या लूथरन वर्ल्ड रिलीफ या मदतसंस्थेसाठी शिवताना वैधव्याच्या दुःखालाही वाट मिळते. पुरुषांसाठी तसे टेबल क्वचितच असते.

बोलण्यात ‘आता कशाला जगायचे’ अशा अर्थाचे काही आले, वस्तू वाटून टाकणे किंवा एकाएकी शांत होणे दिसले, तर आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होय आले तर त्यांना एकटे सोडू नका, तिथूनच ९८८ या संकटकाळच्या मदतवाहिनीवर फोन लावा, आणि शेतघरात बंदुका असतात हे लक्षात घेऊन त्या काही काळ दुसऱ्याच्या ताब्यात देण्याविषयी त्यांच्याशी बोला. (भारतातल्या वाचकांसाठी टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे.) उत्तर नाही आले, नुसता एकटेपणा असला, तर दर आठवड्याला एकाच माणसाने नियमाने भेटावे. त्यासाठी तुमची गरज नाही. केनेथ हॉक या लूथरन पाळकांनी १९७५ मध्ये सेंट लुईसला सुरू केलेल्या स्टीफन मिनिस्ट्रीत सामान्य सभासदांना सुमारे पन्नास तासांचे प्रशिक्षण देऊन नेमके हेच काम दिले जाते; तुमच्या किंवा शेजारच्या मंडळीत ती आहे का, ते पाळकांना विचारा. १५३० मध्ये खिन्नतेने घेरलेल्या आपल्या मुलांच्या शिक्षकाला लूथरनी लिहिले होते की एकांत टाळ, माणसांत जा, खा-पी, थट्टामस्करी कर. सल्ला जुना असला तरी तो एकट्या माणसाला स्वतःहून पाळता येत नाही. कोणीतरी दार वाजवावे लागते.

बाकीच्या वसंताचे थोडक्यात. मार्चमध्ये दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठतो, आणि बुधवारच्या संध्याकाळी वाहनतळावर माणसे घसरून खुब्याचे हाड मोडून घेतात; तिथे वाळू टाकणारा आणि दाराशी हात देणारा एक तरुण हा तुमचा सगळ्यात स्वस्त आरोग्य कार्यक्रम होय. सूपमध्ये डब्यातला रस्सा वापरतात तो खारट असतो, तेव्हा एक पातेले कमी मिठाचे ठेवायला सांगा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जाते. त्या दिवशी तपासणी, सभा, वर्ग काहीही ठेवू नका, लोकांना झोपू द्या. पावले मोजायची हौस असणाऱ्यांनी खुशाल मोजावीत, पण चालायला जाताना घराबाहेर न पडणाऱ्या एका सभासदाच्या घरापर्यंत जावे.

आता तुमचे. रात्रपाळी उतरून थेट उपासनेला येऊ नका. त्या रविवारी झोपणे हेही शरीर जपणेच आहे, आणि घरी येऊन प्रभुभोजन देण्याची सोय पाळक आजाऱ्यांसाठी करतात तशी तुमच्यासाठीही करू शकतात. आईविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे आणि लगेच ‘थकले आहे’ म्हटले आहे. मला वाटते, परक्या वृद्धांची सेवा करून तुम्ही नगरची उणीव भरून काढू पाहता आहात. त्याने मंडळीचे भले होईल, तुमचे होणार नाही. बहिणीवर भार आहे. तर वर्षातले काही आठवडे तुम्ही नगरला जाऊन तिला मोकळे कराल आणि एरवी दिवसपाळीच्या मदतनीस बाईचा पगार पाठवाल, असे दोघी बसून ठरवा. लेंटमध्ये तिकिटे स्वस्त मिळाली तर लेंटमध्ये जा. तुमच्या गैरहजेरीत आरोग्य समिती चालत नसेल तर ती समिती नीट बांधलेली नाही, असे समजा. आणि आईसाठी प्रार्थना करायला पाळकांना सांगा. तुम्ही सांगितले नाही तर त्यांना कळणार कसे? परवानगीचा नियम तुम्हालाही लागू आहे, म्हणून द्यायची की नाही ते ठरवा, पण आपले नाव त्या यादीत असू शकते हे विसरू नका.

लिलीविषयी: ज्या घरात मांजर आहे तिथे ती अजिबात पाठवू नका. ईस्टर लिलीची पाने, फुले, परागकण, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करते, आणि एकट्या वृद्धाच्या घरातले मांजर म्हणजे पुष्कळदा त्याचे सगळे कुटुंब असते. पाठवण्याआधी फोन करून मांजर आहे का आणि वासाचा त्रास होतो का, ते विचारायचे काम समितीतल्या कोणाकडे तरी द्या. दम्याच्या रोग्याला पाठवणार असाल तर फुलातले पिवळे परागकोश कात्रीने कापून टाका. मांजरवाल्यांना आफ्रिकन व्हायोलेटचे रोप द्या. ते मांजरांना विषारी नाही, आणि खिडकीत ठेवले की वर्षभर फुलते.